बदलत्या सहभागी संस्थांमधील व्यावसायिक प्रक्रियेचे व्यवस्थापन : भंडारा जिल्ह्यातील आधारभूत धान खरेदीच्या विशेष संदर्भात

सारांश : अनेक स्वतंत्र संस्था एकत्र येऊन जेव्हा एकच प्रक्रिया पार पाडतात आणि त्या संस्था दर हंगामाला बदलत राहतात, तेव्हा व्यवस्थापनाची नेहमीची तत्त्वे अपुरी पडतात. आधारभूत किंमत योजनेतील धान खरेदी हे अशा प्रक्रियेचे ठळक उदाहरण होय. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेची रचना, तिच्यातील सहभागी बदलण्याची कारणे आणि त्या बदलाचा भार कोणावर पडतो याचे विवेचन केले आहे. प्रक्रिया संस्थांच्या नावाशी न बांधता भूमिकांशी व हस्तांतरणाच्या नियमांशी बांधली गेली, तरच सहभागी बदलूनही ती टिकते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : आंतरसंस्थात्मक प्रक्रिया, भूमिका, हस्तांतरण, धान खरेदी, भरडाई, सहकारी संस्था.

१. प्रस्तावना

व्यावसायिक प्रक्रिया म्हणजे विशिष्ट फलप्राप्तीसाठी ठरावीक क्रमाने केलेल्या कार्यांची साखळी होय. एकाच संस्थेच्या चार भिंतींत ही साखळी पूर्ण होत असेल, तर तिचे नियंत्रण तुलनेने सोपे असते. वरिष्ठ आदेश देतो, कनिष्ठ तो पाळतो आणि वाद निर्माण झाल्यास निवाडा करणारा एकच असतो. परंतु ही साखळी पाच-सहा संस्थांमधून जात असेल, तर कोणत्याही एका संस्थेचा आदेश शेवटपर्यंत चालत नाही. त्यातही या संस्था कायमस्वरूपी नसतील, तर गेल्या वर्षीचा अनुभव, ओळख आणि परस्परविश्वास यांचा आधारही राहत नाही.

भंडारा जिल्हा धानाचे कोठार म्हणून ओळखला जातो. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यानंतरही वैनगंगेच्या खोऱ्यातील या जिल्ह्याचे अर्थकारण प्रामुख्याने धानावरच उभे आहे. मोहाडी तालुक्यातील करडीसारख्या गावात रोवणी, कापणी आणि चुरणी यांवरच वर्षाचे वेळापत्रक ठरते. घरातील लग्नकार्य, मुलांचे शिक्षण आणि पीककर्जाची परतफेड या सर्वांचा हिशेब धान विकले जाऊन पैसा हाती कधी येतो यावर अवलंबून असतो. त्यामुळे या प्रक्रियेतील व्यवस्थापनाचा प्रश्न केवळ प्रशासकीय सोयीचा नसून शेतकरी कुटुंबाच्या निर्वाहाचा आहे.

२. सैद्धांतिक पार्श्वभूमी

संस्था अस्तित्वात का येतात, या प्रश्नाचा विचार रोनाल्ड कोझ यांनी १९३७ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात केला. बाजारातून प्रत्येक काम करून घेताना शोध, वाटाघाटी, करार व देखरेख यांचा खर्च येतो. हा खर्च जेथे जास्त असतो, तेथे ते काम संस्थेच्या अंतर्गत आणले जाते, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. याच विचाराचा विस्तार केल्यास असे म्हणता येते की, सहभागी वारंवार बदलत असतील तर वाटाघाटी आणि देखरेखीचा खर्च दर वेळी नव्याने करावा लागतो.

जेम्स थॉम्पसन यांनी १९६७ मध्ये संस्थांमधील परस्परावलंबनाचे तीन प्रकार सांगितले. पहिल्या प्रकारात घटक एकाच सामायिक साधनावर अवलंबून असतात. दुसऱ्या प्रकारात एकाचे काम संपल्याशिवाय दुसऱ्याचे सुरू होत नाही. तिसऱ्या प्रकारात कामाची देवाणघेवाण दोन्ही दिशांनी चालते. धान खरेदीत हे तिन्ही प्रकार एकत्र आढळतात. जिल्ह्यातील सर्व खरेदी केंद्रे एकाच बारदान्याच्या साठ्यावर अवलंबून असतात. खरेदी, साठवण आणि भरडाई ही कामे क्रमाने होतात. भरडाईदार आणि गोदाम यांच्यात मात्र धानाची उचल व तांदळाची जमा अशी दुहेरी देवाणघेवाण चालते.

संगणकशास्त्रानेही या प्रश्नाची दखल घेतली आहे. कार्यप्रवाहांचे प्रमाणीकरण करण्यासाठी १९९३ मध्ये ‘वर्कफ्लो मॅनेजमेंट कोअॅलिशन’ ही संघटना स्थापन झाली. २०११ मध्ये प्रक्रियांच्या आरेखनाची ‘बीपीएमएन’ ही पद्धती तिच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रसिद्ध झाली. या पद्धतीत प्रत्येक संस्थेचा स्वतंत्र कप्पा दाखवितात आणि दोन कप्प्यांमध्ये केवळ संदेशांची देवाणघेवाण होते. संस्था आपल्या कप्प्यात काय करते, हा तिचा अंतर्गत भाग होय. इतरांना काय देते व इतरांकडून काय घेते, हा सार्वजनिक भाग होय.

या क्षेत्रात समन्वयाच्या दोन रीती मानल्या जातात. पहिल्या रीतीत एक संचालक असतो आणि वाद्यवृंदाप्रमाणे सर्वजण त्याच्या खुणेवर चालतात. दुसऱ्या रीतीत प्रत्येकाला आपले पाऊल ठाऊक असते. लेझीम पथकात प्रत्येक पावलाला कोणी आज्ञा देत नाही, हलगीचा ठेका मात्र सर्वांचा एक असतो. स्वतंत्र संस्थांच्या सहकार्यात प्रत्येकावर हुकूमत चालवू शकेल असा संचालक क्वचितच मिळतो. म्हणून तेथे सामायिक ठेका, म्हणजेच सर्वांना मान्य असलेले नियम, अधिक महत्त्वाचे ठरतात.

३. आधारभूत धान खरेदीची रचना

केंद्र शासनाने १९९७-९८ मध्ये विकेंद्रित खरेदी योजना सुरू केली आणि महाराष्ट्राने ती तांदळासाठी २०१६-१७ पासून स्वीकारली. या योजनेत राज्य शासन धान खरेदी करते, त्याची भरडाई करून घेते आणि मिळालेला तांदूळ सार्वजनिक वितरण व्यवस्थेत वापरते. बिगर-आदिवासी क्षेत्रात १९५८ मध्ये स्थापन झालेला महाराष्ट्र राज्य सहकारी पणन महासंघ, तर आदिवासी क्षेत्रात १९७२ मध्ये स्थापन झालेले आदिवासी विकास महामंडळ अभिकर्ता म्हणून काम पाहते. पणन महासंघाच्या वतीने गावपातळीवरील प्रत्यक्ष खरेदी सहकारी संस्था उपअभिकर्ता या नात्याने करतात.

प्रक्रियेचे टप्पे पुढीलप्रमाणे मांडता येतील.

(अ) नोंदणी : शेतकरी सातबारा, आधार आणि बँक खात्याच्या तपशिलासह ऑनलाइन नोंदणी करतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीमुळे पेऱ्याची नोंद हा या टप्प्याचा महत्त्वाचा आधार बनला आहे.

(आ) खरेदी : केंद्रावर धानाची प्रत व ओलावा तपासला जातो. ओलाव्याची कमाल मर्यादा १७ टक्के आहे. त्यानंतर वजन होऊन धान बारदान्यात भरले जाते आणि शेतकऱ्याला पावती मिळते.

(इ) साठवण : खरेदी केलेले धान भरडाईसाठी उचलले जाईपर्यंत गोदामात राहते.

(ई) भरडाई : करारबद्ध राईस मिलला धान दिले जाते. प्रति क्विंटल धानामागे साधा तांदूळ ६७ किलो, तर उकडा तांदूळ ६८ किलो जमा करणे अपेक्षित असते.

(उ) जमा व वितरण : प्रत तपासून तांदूळ शासकीय गोदामात घेतला जातो आणि तेथून रास्त भाव दुकानांपर्यंत पोहोचतो.

या टप्प्यांमधून धान, माहिती आणि पैसा असे तीन प्रवाह वाहतात. धान गावाकडून गोदामाकडे जाते, पैसा शासनाकडून गावाकडे येतो आणि माहिती दोन्ही दिशांनी फिरते. या तिन्हींचा वेग सारखा नसतो. बहुतेक तक्रारींचे मूळ या विसंगतीत आढळते. धान पुढे गेलेले असते, परंतु नोंद मागे राहते. नोंद पूर्ण होते, परंतु पैसा पोहोचलेला नसतो.

४. सहभागी का बदलतात ?

या प्रक्रियेतील सहभागी बदलण्याची कारणे चार प्रकारची आहेत.

पहिले कारण कराराच्या मुदतीचे आहे. केंद्राला मंजुरी आणि भरडाईचा करार हंगामापुरता असतो. खरीप पणन हंगाम १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर असा मोजला जातो आणि त्यातच खरीप व उन्हाळी अशी दोन पिकांची खरेदी होते. नवा हंगाम आला की संस्था, मिल आणि गोदाम यांची जुळवाजुळव पुन्हा करावी लागते.

दुसरे कारण आर्थिक आहे. भरडाईचा दर, वाहतूक खर्च किंवा उताऱ्याचे प्रमाण परवडत नाही असे वाटल्यास राईस मिलधारक करार करण्याचे टाळतात. भरडाई थांबली की गोदाम रिकामे होत नाही, गोदाम भरले की केंद्र खरेदी थांबवते आणि शेवटी धानाची पोती उघड्यावर पडून राहतात. साखळीच्या चौथ्या कडीतील मतभेदाची झळ अशा रीतीने पहिल्या कडीला लागते.

तिसरे कारण धोरणात्मक आहे. पोषणमूल्यवर्धित तांदळाचे वितरण २०२१ ते मार्च २०२४ या काळात टप्प्याटप्प्याने देशभर विस्तारले. त्यासाठी १०० किलो तांदळात सुमारे १ किलो पोषक कणांचे मिश्रण करावे लागले. परिणामी कण तयार करणारा उद्योग हा नवा सहभागी साखळीत आला आणि मिलमध्ये मिश्रण व तपासणी ही नवी कार्ये वाढली.

चौथे कारण आकस्मिक आहे. मार्च २०२० नंतरच्या टाळेबंदीत पश्चिम बंगालमधील ज्यूट गिरण्या काही काळ बंद राहिल्या आणि देशभर बारदान्याची टंचाई जाणवली. तेव्हा एकदा वापरलेला बारदाना पुन्हा वापरण्यास मुभा द्यावी लागली. हुगळीकाठचा यंत्रमाग थांबला की वैनगंगाकाठचा काटाही थांबू शकतो, हे यावरून स्पष्ट होते.

५. भूमिका आणि भूमिकाधारक

बदलत्या सहभागींचे व्यवस्थापन करण्याची गुरुकिल्ली भूमिका आणि भूमिकाधारक यांतील भेदात आहे. झाडीपट्टी रंगभूमीशी परिचित असलेल्या वाचकाला हा भेद सहज उमगेल. दिवाळीनंतर, धान घरात आल्यावर, गावोगावी नाटकांचा हंगाम सुरू होतो. एखादा नट आजारी पडला, तर दुसरा उभा राहतो आणि नाटक पार पडते. कारण संवाद, प्रवेशाची वेळ आणि सोबतच्या पात्राला द्यावयाचा संकेत संहितेत ठरलेले असतात. संहिताच नसेल आणि सारे काही एका नटाच्या स्मरणात असेल, तर त्याच्या अनुपस्थितीत प्रयोग रद्द करावा लागतो.

धान खरेदीत संहितेचे स्थान भूमिकेच्या लेखी वर्णनाला आहे. ‘खरेदीदार’ या भूमिकेने काय स्वीकारावे, कोणत्या मुदतीत काय नोंदवावे आणि कोणाला काय सोपवावे हे निश्चित असेल, तर ती भूमिका कोणत्या संस्थेकडे आहे हा प्रश्न दुय्यम ठरतो. याउलट केंद्राचा सारा हिशेब एखाद्या अनुभवी कर्मचाऱ्याच्या वहीत व स्मरणात असेल, तर त्या संस्थेचे काम थांबताच शेतकऱ्याला आपल्या पावतीचा अर्थ कोणाला विचारावा हे कळत नाही.

भूमिकांची यादी अपुरी असणे हाही दोष आहे. जमीन ठेक्याने किंवा बटईने कसणारा शेतकरी धान पिकवतो, परंतु सातबाऱ्यावर त्याचे नाव नसते. प्रक्रियेच्या दृष्टीने ‘विक्रेता’ ही भूमिका जमीनधारकाला मिळते आणि कसणाऱ्याला कोणतीच भूमिका उरत नाही. त्याचे धान मूळ मालकाच्या नावावर विकले जाते व पैसा मालकाच्या खात्यात येतो. पुढील व्यवहार दोघांमधील विश्वासावर राहतो. वस्तुस्थितीत उपस्थित परंतु नोंदीत अनुपस्थित असा हा सहभागी कोणत्याही आराखड्यात दिसत नाही.

६. हस्तांतरणातील मोजमाप : एक उदाहरण

दोन संस्थांमधील वाद बहुधा हस्तांतरणाच्या बिंदूवर उद्भवतात. वाळल्यामुळे होणारी घट हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. समजा, एखाद्या केंद्राने १७ टक्के ओलावा असलेले १०० क्विंटल धान घेतले. त्यात ८३ क्विंटल कोरडा पदार्थ आहे. साठवणुकीत ओलावा १४ टक्क्यांपर्यंत उतरला, तर तोच ८३ क्विंटल कोरडा पदार्थ एकूण वजनाचा ८६ टक्के होतो. म्हणजेच वजन ९६.५१ क्विंटल भरते. दाणाही न गमावता ३.४९ क्विंटलची घट झाली. २०२५-२६ च्या हंगामातील साधारण धानाचा २,३६९ रुपये प्रति क्विंटल हा दर लावल्यास ही रक्कम सुमारे ८,२६८ रुपये होते.

आता ही घट कोणाच्या नावे लिहायची ? मोजमाप खरेदीच्या वजनावर धरले, तर ६७ क्विंटल तांदूळ देण्यासाठी भरडाईदाराला कोरड्या धानावर ६९.४ टक्के उतारा द्यावा लागेल. मोजमाप उचलीच्या वजनावर धरले, तर तांदूळ ६४.६६ क्विंटलच येईल आणि ३.४९ क्विंटल धानाची तूट संस्थेच्या खात्यात दिसेल. दोन्ही पक्ष प्रामाणिक असूनही दोघांना एकमेकांचा संशय येतो. प्रत्यक्षात ओलावा या केंद्रांवर कमी-अधिक असतो. हे उदाहरण कमाल मर्यादेवर आधारित आहे, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. तथापि त्यातून मिळणारा बोध सर्वत्र लागू पडतो. सोपविताना केवळ वजन नोंदविणे पुरेसे नाही; वजन, ओलावा आणि दिनांक ही तिन्ही दोन्ही पक्षांच्या स्वाक्षरीने नोंदली गेली पाहिजेत. घटीची वाजवी मर्यादा ठरविताना साठवणुकीचा कालावधी विचारात घेतला नाही, तर उचल उशिरा झाल्याचा दंड उशीर न करणाऱ्या संस्थेला भरावा लागतो. ही तूट भरून काढण्यासाठी केंद्रावर शेतकऱ्याच्या धानात जास्तीचा कडता घेण्याचा मोह होऊ शकतो. अशा वेळी नियमातील त्रुटीची किंमत शेवटी शेतकरीच मोजतो.

७. नियम बदलला की निर्णायक नोंदही बदलते

सहभागी तेच राहिले तरी त्यांचे सापेक्ष महत्त्व बदलू शकते. आधारभूत किमतीव्यतिरिक्त राज्य शासनाने दिलेल्या प्रोत्साहनपर रकमेचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. २०२०-२१ च्या हंगामात ही रक्कम क्विंटलमागे ७०० रुपये होती. २०२२-२३ मध्ये ती हेक्टरी १५,००० रुपये, तर २०२३-२४ मध्ये हेक्टरी २०,००० रुपये अशी झाली आणि त्यासाठी दोन हेक्टरची मर्यादा ठेवण्यात आली.

वरवर पाहता हा केवळ दराचा बदल आहे. प्रक्रियेच्या दृष्टीने मात्र येथे निर्णायक नोंदच बदलली. क्विंटलनुसार रक्कम असताना केंद्रावरील वजनाची पावती महत्त्वाची होती आणि चुकीच्या वजनाची तपासणी हे नियंत्रणाचे मुख्य काम होते. हेक्टरनुसार रक्कम झाल्यावर पेऱ्याचे क्षेत्र महत्त्वाचे झाले आणि नियंत्रणाचा भर महसुली नोंदीकडे गेला. ई-पीक पाहणीत राहिलेली एक चूक पूर्वी तुलनेने क्षुल्लक असे. आता ती थेट रकमेवर परिणाम करते. प्रक्रियेतील कोणताही नियम बदलताना कोणत्या संस्थेची नोंद त्यामुळे निर्णायक होणार आहे आणि ती संस्था त्या जबाबदारीस सज्ज आहे काय, हे आधी तपासणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

८. चालू हंगामातील बदल

हंगाम संपल्यावर सहभागी बदलणे सोपे असते. हंगामाच्या मध्यात तो बदलल्यास अर्धवट राहिलेल्या कामांचे काय, हा कठीण प्रश्न उभा राहतो. एलिस, केड्डारा आणि रोझेनबर्ग यांनी १९९५ मध्ये कार्यप्रवाहातील गतिशील बदलाचा अभ्यास करताना याच अडचणीकडे लक्ष वेधले. जुना आराखडा बरोबर असतो, नवाही बरोबर असतो, परंतु बदलाच्या क्षणी मध्येच असलेले प्रकरण चुकीच्या वाटेला लागू शकते.

एखाद्या केंद्राची मंजुरी हंगामाच्या मध्यात थांबली, तर तीन प्रकारचे शेतकरी मध्येच अडकतात : नोंदणी झालेले परंतु धान न आणलेले, धान आणलेले परंतु वजन न झालेले आणि वजन झालेले परंतु पैसे न मिळालेले. या तिघांसाठी एकच आदेश पुरेसा होत नाही. पहिल्याची नोंदणी दुसऱ्या केंद्राकडे वर्ग करावी लागते, दुसऱ्याच्या धानाचे वजन तत्काळ करून द्यावे लागते आणि तिसऱ्याचे देणे मूळ पावतीच्या आधारे अभिकर्त्याने स्वीकारावे लागते.

९. उपाययोजना

वरील विवेचनावरून पुढील सूचना करता येतात.

१. प्रत्येक भूमिकेची एक पानी सनद असावी. तीत स्वीकार, नोंद, मुदत व सोपवणूक या चार बाबी सोप्या मराठीत नमूद कराव्यात आणि ती केंद्रावर सर्वांना दिसेल अशी लावावी.

२. प्रत्येक हस्तांतरणाच्या वेळी वजन, ओलावा व दिनांक यांची संयुक्त नोंद बंधनकारक असावी.

३. भरडाईदार आणि गोदाम यांची पर्यायी यादी खरेदी सुरू होण्यापूर्वीच तयार ठेवावी, जेणेकरून एका सहभागीच्या माघारीमुळे केंद्र बंद पडणार नाही.

४. सहभागी बाहेर पडण्याचे नियम त्याला प्रक्रियेत सामील करून घेतानाच करारात समाविष्ट असावेत. शिल्लक धान, बारदाना आणि नोंदी किती दिवसांत कोणाकडे द्यावयाच्या, हे त्यात स्पष्ट असावे.

५. शेतकऱ्याचे चुकारे वजन व प्रत यांच्या स्वीकृतीशीच निगडित असावेत. भरडाई, तूट किंवा तांदळाची प्रत यांविषयीचे वाद पुढील संस्थांनी आपापसांत मिटवावेत. त्यांची सावली शेतकऱ्याच्या देयकावर पडू नये.

६. बटईदाराची स्वतंत्र भूमिका मान्य करून, जमीनधारकाच्या संमतीने रकमेची विभागणी थेट दोन खात्यांत करण्याची तरतूद विचारात घ्यावी.

१०. निष्कर्ष

आंतरसंस्थात्मक प्रक्रियेत सहभागी बदलणे हा अपवाद नसून नियम आहे. मुदत, अर्थकारण, धोरण आणि आकस्मिक घटना या चारही कारणांनी बदल होतच राहणार. म्हणून बदल रोखण्यापेक्षा तो पचविण्याची क्षमता प्रक्रियेत निर्माण करणे हे व्यवस्थापनाचे खरे कार्य होय. भूमिकांची स्पष्टता, हस्तांतरणाची दुहेरी नोंद आणि बाहेर पडण्याचे पूर्वनिश्चित नियम ही त्याची तीन साधने आहेत.

संस्था बदलते, मिल बदलते, गोदाम बदलते, पोर्टलही बदलू शकते. परंतु धान पिकविणारा शेतकरी बदलत नाही आणि त्याला ही प्रक्रिया सोडून जाण्याचा पर्यायही फारसा नसतो. आधारभूत केंद्र बंद असले की त्याच्यापुढे खासगी व्यापाऱ्याला कमी दराने धान देणे किंवा ते उघड्यावर ठेवून वाट पाहणे एवढेच मार्ग उरतात. सर्वांत कमी अधिकार असलेला सहभागीच सर्वांत स्थिर असेल, तर बदलाचा सारा भार आपोआप त्याच्याकडे सरकतो. प्रक्रियेची रचना चांगली की वाईट, याची कसोटी किती क्विंटल खरेदी झाली यावर जशी लागते, तशीच एखादी संस्था बाजूला झाल्यावर शेतकऱ्याच्या चुकाऱ्याला किती दिवसांचा विलंब झाला यावरही लागली पाहिजे.